याखीमच्या वतीने

१

रविवार, संध्याकाळचे साडेसहा. लाकूडकामाच्या वर्कशॉपवरची जेवणाची खोली. टेबलाभोवती पाच मोठी माणसं: थोरला भाऊ, ज्याला सगळं घर दादा म्हणतं, त्याची बायको, धाकटा भाऊ, धाकट्याची बायको, आणि धाकट्याचा चोवीस वर्षांचा मुलगा. वहिनीच्या मांडीवर चार महिन्यांचं बाळ. दिवा लावलेला, खिडकी बंद, जेवण झाकून ठेवलेलं. खोलीत सहावं मोठं माणूस नव्हतं. निदान या एका मुद्द्यावर तरी सगळ्यांचं एकमत आहे.

दादा डोळे मिटून वंशावळ म्हणत होता. शुभवर्तमानाच्या अगदी सुरुवातीला येते ती. चर्चमध्ये वाचायला घेतली की लोक जांभया देऊ लागतात ती. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला. या घरात ती दर रविवारी जेवणाआधी म्हटली जाते. ठरावीक नावं आली की टेबलावरून उत्तर यावं लागतं, आणि उत्तर आल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

"सादोकाला याखीम झाला," दादा म्हणाला आणि थांबला.

इथे धाकट्याने 'आहे' म्हणायचं. बारा वर्षांचा होता तेव्हापासून तो म्हणत आला होता. आज म्हणायचं नाही असं त्याने सकाळीच ठरवलं होतं. ओठ घट्ट मिटून तो मिठाच्या भांड्याकडे बघत राहिला. बसू दे वाट बघत. गार होऊ दे जेवण. आज प्रथमच ओळीच्या शेवटी बाळाचं नाव लागणार होतं ना? मग लागू दे, पण सुखासुखी नको.

"आहे," उत्तर आलं.

पुरुषाचा आवाज. शांत, भरलेला. घाई नाही, कंटाळा नाही. फार वर्षांनी कुणीतरी हाक मारावी आणि माणसाने हातातलं काम खाली ठेवून ओ द्यावी, तसा.

दादाने समाधानाने मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं. कुणी चमकलं नाही, कुणी वर पाहिलं नाही. धाकट्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहून घेतलं. मग स्वतःच्या ओठांना हात लावला. मिटलेले होते.

२

ही पद्धत आजोबांची. वर्कशॉप त्यांनी उभं केलं, घर त्यांनी बांधलं, आणि घरातल्यांनी जन्मभर काय करायचं तेही त्यांनीच ठरवून ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की राजे आणि संदेष्टे यांना आपली गरज नाही, त्यांच्या कथा आहेत. पण वंशावळीत अशीही माणसं आहेत ज्यांच्याबद्दल एक ओळ म्हणून नाही. जन्मला आणि बाप झाला, संपलं. काय काम करत होता, कुणाशी भांडला, कशाने मेला, काही नाही. त्यांना सांभाळायला कुणीतरी हवं. म्हणून घरातल्या प्रत्येकाला अशा एकेका माणसाची राखण दिलेली. त्याचं नाव आलं की त्याच्या वतीने म्हणायचं, 'आहे'.

शास्त्रातली नावं संपली की घराण्याची ओळ सुरू. खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, वडील. त्यांना मात्र सगळ्यांनी मिळून 'होता' म्हणायचं. लहानपणी धाकट्याने विचारलं होतं, "आपले आजोबा 'होता', आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा याखीम 'आहे', असं का?"

"आपल्या माणसांना 'होता' म्हटलं तरी आपल्याला ती आठवतात," वडील म्हणाले होते. "याखीमला 'होता' म्हटलं की तो संपलाच. त्याला आठवणारं कोण आहे?"

दादाला सादोक मिळाला होता. म्हणजे याखीमचा बाप. कुठल्या जमान्यातली, कुणी न पाहिलेली माणसं, पण तिथेही दादा आधी आणि हा मागून.

वंशावळ हा प्रकारच मुळात अन्यायाचा, हे कुणीतरी एकदा तोंडावर बोलायला हवं. ती बापांची रांग आहे. आया त्यात बोटांवर मोजण्याइतक्या. आणि भाऊ? 'अमका आणि त्याचे भाऊ', की झाली बोळवण. त्या भावांनी गुरं राखली असतील, भिंती बांधल्या असतील, थोरल्याचं घर सावरलं असेल. नावं सांगायची तसदी कुणी घेतली नाही. घराण्याच्या ओळीतही तेच. वडिलांनंतर दादा, आणि मग जेवायला वाढा. लेथवर दिवसभर उभा राहून ज्याने हे वर्कशॉप चालतं ठेवलं, ज्याच्या हातच्या खुर्च्या शहरभर बसायला वापरतात, तो ओळीत नाही. दादा पुढच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांशी गोड बोलतो, तो आहे.

पण धाकट्याने आशा धरली होती. दादाला मूल नव्हतं. लग्नाला वीस वर्षं उलटली तशी सगळ्यांनी ती गोष्ट सोडून दिली. ओळ पुढे न्यायची तर चिरंजीव होते, धाकट्याचे. दादा त्याला बसवून पाठांतर करून घेऊ लागला होता. आणि धाकट्याने मनाशी हिशेब केला होता की पोरापर्यंत पोचायचं तर वाट बापावरून जाते. स्वतःच्या नावानंतर दादाला आपलं नाव घ्यावंच लागेल. मग सगळं टेबल थांबेल आणि आपण म्हणू, 'आहे'. याखीमच्या वतीने नाही. स्वतःच्या.

आणि मग बेचाळिसाव्या वर्षी वहिनीला दिवस गेले.

"सुटलो बाबा," चिरंजीव म्हणाले होते. "मला बस चालवायचीय. ती नावं पाठ करता करता क्लच विसरायला होतं."

धाकट्याने त्या दिवशी कामाच्या बाकावरची करवत इतक्या जोरात ओढली की चांगली फळी मधोमध फाटली.

३

"आज आवाज छान लागला होता तुमचा," त्या रविवारी भांडी आवरताना त्याची बायको म्हणाली.

"कुठला आवाज?"

"याखीमचा. एरवी म्हणता ते कसं, दारावर कुणी वसुलीला आल्यासारखं. आज मन लावून म्हणालात."

चिरंजीव दारातून जाताना म्हणाले, "बाबा, खरंच. रेडिओवर निवेदक म्हणून लागाल."

"तू मोबाइलमध्ये होतास."

"कान रिकामे होते ना."

म्हणजे दादासकट तिघांनी ऐकलं होतं आणि तिघांनीही ते त्याच्या नावावर जमा केलं होतं. धाकटा सरळ डोक्याचा माणूस. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला तो तोंडावर विचारायचा, तू पाहिलंस का? त्याने खोली तपासायला घेतली. जेवणाच्या खोलीतून खाली वर्कशॉपमध्ये भिंतीतून एक पत्र्याची नळी गेलेली आहे. यंत्रांच्या आवाजात हाक ऐकू जात नाही म्हणून आजोबांनी बसवलेली. वरून तोंड लावून 'जेवायला या' म्हटलं की खाली कामाच्या बाकाजवळ ऐकू येतं. खालून कुणी बोललं तर वर येईलच. वर्कशॉपचं मागचं दार उघडं राहिलं असेल, गल्लीतला कुणी टवाळ आत शिरला असेल.

तो खाली गेला. मागच्या दाराला आतून अडसर होता. जमिनीवर शनिवारचा भुसा झाडायचा राहिला होता आणि त्यावर त्याच्या स्वतःच्या चपलांखेरीज ठसे नव्हते. सरसाचं भांडं गार, लेथवर फडकं पांघरलेलं. त्याने नळीला तोंड लावून "आहे" म्हणून पाहिलं.

वरून बायकोचा आवाज आला, "काय आहे?"

"काही नाही."

नळीतून त्याचा आवाज वर कसा पोचला ते त्याने तिला विचारलं. डब्यात बोलल्यासारखा, ती म्हणाली, पत्र्याचा. टेबलावर ऐकलेल्या आवाजात पत्रा नव्हता. तरीही त्याने चिंध्यांचा बोळा करून नळी दोन्ही टोकांनी गच्च बंद करून टाकली. मग अंथरुणावर पडल्यावर त्याला पहिल्यांदा एक गोष्ट टोचली, आणि ती भीती नव्हती. पस्तीस वर्षं आपण ते म्हणत आलो, आणि 'छान' कुणी कधी म्हटलं नव्हतं.

४

बाळासाठी पाळणा करायचा होता. दादाने वहिनी पोटुशी असतानाच सांगितलेलं. बाळ चार महिन्यांचं झालं तरी पाळणा वर्कशॉपच्या कोपऱ्यात तसाच पडलेला. बाजूच्या फळ्या रंधून झाल्या होत्या. खालच्या धनुष्यासारख्या दोन पट्ट्या, ज्यांच्यावर तो डुलायचा, त्या बसवायच्या बाकी. कारण विचारलं की धाकटा लाकूड ओलं आहे म्हणायचा. लाकूड हाडासारखं सुकलं होतं.

खरं सांगायचं तर त्याने एका पट्टीचं वळण मुद्दाम चुकवलं होतं. फार नाही, सूतभर. पाळणा मोडला नसता, बाळ पडलं नसतं. एवढंच, की डुलताना दर खेपेला टक् असा आवाज आला असता आणि झोप लागली नसती. कुणाच्याच.

गुरुवारी सकाळी तो कुलूप काढून आत आला आणि दारातच थांबला. पाळणा उभा होता. दोन्ही पट्ट्या लागलेल्या, दांडे बसलेले, पॉलिश चढलेलं. त्याने वाकून सांधे पाहिले. खाचेत लाकूड असं बसलं होतं की मधून नख जात नव्हतं. बिघडवलेली पट्टी फेकून दिली नव्हती. तीच दुसऱ्या अंगाने तासून वळणावर आणली होती, आणि ती तशी सुधारू शकते हे धाकट्याच्या तीस वर्षांच्या हाताला सुचलं नसतं. त्याने बोटाने ढकललं. पाळणा गेला आणि आला. आवाज नाही.

"अरे वा," मागून दादा. "बोलला नाहीस काही?"

"मी..." धाकटा म्हणाला.

"मला माहीत होतं तू करशील." दादाने पाळण्याच्या कडेवरून तळवा फिरवला आणि मग, लहानपणानंतर प्रथमच, तोच तळवा भावाच्या खांद्यावर ठेवला. "बाळ झाल्यापासून तू तुटक वागतोस असं ही म्हणत होती. मी म्हटलं, तो बोलून दाखवणाऱ्यातला नाही, करून दाखवणाऱ्यातला आहे."

आता 'मी केलं नाही' म्हणायचं तर पुढचा प्रश्न येणार, मग कुणी केलं? आणि त्याच्या आधीचा प्रश्न, तू का केलं नाहीस? धाकट्याने पाळणा पुन्हा एकदा ढकलला.

"आवडला ना?" तो म्हणाला.

"भाऊजी, हात लावला की झोपतं हो हे," वहिनीने संध्याकाळी जिन्यावरून हाक मारून सांगितलं. "काय जादू केलीत?"

दुसऱ्याने शिजवलेल्या अन्नाची स्तुती आपल्या पानात पडावी आणि घशाखाली उतरू नये, तसं त्याचं झालं. कोण होता हा? चोर म्हणावा तर काही नेत नव्हता. उलट ठेवून जात होता, आणि जे ठेवत होता ते आपल्यापेक्षा चांगलं. धाकट्याने आयुष्यभर एका माणसाचा हेवा केला होता. आता दोघांचा करावा लागत होता, आणि दुसऱ्याला तर धरायला गचांडीही नव्हती.

५

पुढच्या रविवारी तो तयारीत बसला. नळीतले बोळे जागेवर होते. त्याने बोट घालून खात्री केली होती. चिरंजीवांचा मोबाइल त्याने स्वयंपाकघरात ठेवायला लावला. दादाने 'सादोकाला' म्हणताच त्याने छाती भरून श्वास घेतला, आणि 'याखीम' पुरतं होण्याआधीच तोंड उघडलं.

"आहे," तो शांत आवाज म्हणाला.

"आहे," त्याच्या मागून धाकटा म्हणाला. फाटक्या, धापा टाकणाऱ्या आवाजात.

"दोनदा कशाला म्हणताय?" बायकोने कोपर मारलं.

"एकदाच रे," दादा डोळे न उघडता म्हणाला. "पहिलं उत्तर मी धरलंय. आजोबांचा नियम."

चिरंजीवांना हसू आलं. "बाबा, स्पर्धा नाहीये."

स्पर्धाच होती. धाकट्याला आता आवाजाची जागा कळली होती. नळीतून नाही, खिडकीतून नाही. तो तिथूनच येत होता जिथे तो स्वतः बसला होता. जरासा मागून, खुर्चीच्या पाठीच्या उंचीवरून. एका खुर्चीत दोघं बसावेत आणि मागच्याने पुढच्याच्या खांद्यावरून बोलावं तसा. त्याच्या मानेवर त्या वेळी गार वारा लागला नाही की काटा आला नाही. ऊब लागली. कुणाच्या तरी श्वासाची, साधी, जेवणाची वाट बघणाऱ्या माणसाची.

त्याने मनाला समजावलं. थकवा. कानाचा दोष. लेथच्या आवाजाने पुष्कळ सुतारांचे कान जातात. पाळणा मीच केला असेन आणि विसरलो असेन. रागात माणूस काय काय करून बसतो. हे सगळं पटण्यासारखं होतं आणि एकही पटत नव्हतं, कारण पटवून घ्यायचं तर एक मान्य करावं लागत होतं: की एवढं चांगलं काम, एवढं निर्मळ उत्तर आपल्यातूनच आलं. तसं काही आपल्यात नाही, हे धाकट्याइतकं नीट कुणाला ठाऊक होतं?

मग आठवड्याच्या मधल्या एका दिवशी दादा खाली वर्कशॉपमध्ये आला. लेथजवळ घुटमळला, एक निघालेली ढलपी उचलून बोटांना गुंडाळत राहिला.

"या रविवारी लवकर वर ये," तो म्हणाला.

"का?"

"ये तर. प्रत्येक गोष्टीचं कारण काय विचारतोस, तू काय वर्तमानपत्रात आहेस?"

"दादा, याखीमला मी उत्तर देत नाही."

दादा हसला. "तेच म्हणतो मी. आजवर देत नव्हतास. नुसता आवाज काढायचास. आता देतोस." आणि ढलपी खिशात घालून तो दुकानात गेला.

धाकट्याने यंत्र बंद केलं. एकच उपाय होता. आपण खोलीत नसायचं. आपण नसताना उत्तर आलं की सगळे दचकतील, खुर्च्या सरकतील, आणि मग आपण आत जाऊन म्हणू, बघा. हा कोण आहे ते विचारा आता. बघू मग कुणाचं कौतुक करता.

६

"डोकं दुखतंय," त्याने बायकोला सांगितलं. "मी खालीच पडतो. तुम्ही जेवून घ्या."

"गोळी देऊ?"

"नको."

सहा वाजता तो कामाच्या बाकावर बसला. वर खुर्च्या सरकल्या, भांडी वाजली, बाळ कुरकुरलं आणि थांबलं. साडेसहाला तो चपला काढून जिना चढला. जिना त्याच्याच हातचा. कुठली पायरी करकरते ते त्याला माहीत होतं. वरचं दार पुरतं लागत नाही, बोटभर फट राहते. फटीतून त्याला टेबलाची कड दिसत होती, पाळण्याचं टोक, दादाचा मिटलेला डोळा. आपली खुर्ची त्याला मागून रिकामी दिसायला हवी होती. दिसत नव्हती. तिच्या पाठीवर त्याचा राखाडी सदरा होता, शनिवारी खुंटीला टांगलेला. सदऱ्यात खांदे होते.

"अजून थोडं पुढे सरका ना," त्याची बायको त्या खुर्चीला म्हणाली. "दुखतंय का डोकं अजून?"

उत्तर ऐकू आलं नाही, पण ती हसली. लाजून, मान खाली घालून. असं हसताना धाकट्याने तिला किती वर्षांत पाहिलं नव्हतं, ते त्याला सांगता आलं नसतं.

दादाने सुरुवात केली. नावं एकामागून एक गेली. सादोक. मग याखीम.

"आहे."

कुणी दचकलं नाही. खुर्ची सरकली नाही. सदऱ्याची बाही पुढे झाली आणि पाळण्याच्या कडेवर एक हात टेकला. फट बारीक, दिवा पिवळा. तरी जे दिसलं ते त्याने सुताराच्या डोळ्यांनी पाहिलं. लाकडावर गरजेपेक्षा जास्त पॉलिशपेपर फिरवला की त्याच्या रेषा जातात, वय जातं, झाड कुठलं ते कळेनासं होतं. तो हात तसा होता. पेरांवर सुरकुती नाही, शीर नाही, जखमेचा व्रण नाही. जणू त्या हाताने कधी काही केल्याची नोंद कुठेच नव्हती. बाळाने त्याचं एक बोट मुठीत धरलं.

आत शिरायची वेळ हीच होती. धाकट्याचा पाय उचलला गेला. तेवढ्यात दादा घराण्याच्या ओळीवर आला. खापरपणजोबा, होता. पणजोबा, होता. आजोबा, होता. वडील, होता. मग त्याने स्वतःचं नाव घेतलं आणि म्हणाला, "आहे."

इथून बाळाचं नाव यायचं. आलं नाही. दादाने डोळे उघडले.

"आजोबांनी भावांना ओळीत घेतलं नाही," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज कापरा झाला होता. "वडिलांनी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. हे घर ज्याच्या हातावर उभं आहे, त्याला मी आजवर नुसतं ऐकायला बसवलं. चूक होती ती. आजपासून नाही."

आणि त्याने धाकट्याचं नाव घेतलं. टोपणनाव नाही, पाळण्यातलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. वडिलांच्या मृत्यूनंतर ते कुणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. ते खोलीत घुमलं, जिन्यावर आलं, आणि धाकट्याच्या छातीत काहीतरी सत्तेचाळीस वर्षांचं बांधलेलं सुटलं. त्याचे डोळे भरले. त्याने तोंड उघडलं.

"आहे," खुर्चीतून उत्तर आलं.

"आहे," दाराबाहेर धाकटा म्हणाला.

पाच तोंडं दाराकडे वळली. त्यातली चार त्याला दिसली. पाचवं वळत होतं, सावकाश, आणि त्याआधी त्याची बायको मध्ये आली. ती दारापाशी आली, फट मोठी केली आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत, त्याच्या भिजलेल्या गालांवर, त्याच्यापलीकडच्या भिंतीवर. हातभर अंतरावरून.

"कोण आहे गं?" आतून वहिनी.

"कुणी नाही, ताई," ती म्हणाली, आणि दार ओढून घेऊन आतून कडी लावली.

७

घरातल्यांना विचारलं तर सगळे सरळ उत्तरं देतात. लपवाछपवी काही नाही.

"आले होते की वर," बायको सांगते. "डोकं दुखतंय म्हणत होते, पण माझ्या मागोमाग आले. पोटभर जेवले. मागून घेतलं, कधी नव्हे ते."

"बाबा हल्ली एकदम मस्त झालेत," चिरंजीव सांगतात. "बसच्या नोकरीला स्वतः सोबत आले. म्हणाले, तुला जे करायचंय ते कर."

वहिनीला फक्त बाळ किती शांत झोपतं याचंच कौतुक. वर्कशॉप जोरात चालू आहे, आणि गिऱ्हाइकं सांगतात की असे सांधे त्यांनी कुठे पाहिले नाहीत.

याखीमला मात्र आता उत्तर येत नाही. दादा थोडा वेळ थांबतो, आणि मग नाव तसंच सोडून पुढे जातो. राखण करायला घरात कुणी मोकळं नाही, असं तो म्हणतो. बाळ बारा वर्षांचं झालं की बघू.

त्या संध्याकाळबद्दल तो नेमकं बोलतो. एका नावाला दोन उत्तरं आली. नियमाप्रमाणे त्याने पहिलं धरलं. पहिलं कुणाचं, असं विचारलं तर तो जरा चिडतोच. "कुणाचं म्हणजे? त्याचंच. माझ्यासमोर बसला होता."

दुसरं दाराबाहेरून आलं. ते पाचही जणांनी ऐकलं, आणि पाचही जण तसं कबूल करतात. चिरंजीव लगेच जिना उतरून पाहून आले. वर्कशॉप रिकामं होतं, मागच्या दाराला आतून अडसर होता. आवाज पुरुषाचा होता आणि रडवेला होता, इतपत सगळे सांगतात. तो कुणाचा होता, हे अजून कुणीही सांगितलेलं नाही.